वारुळाची मोठी अळंबी आणि शेकड्यानं येणारी बारीक अळंबी: फरक कसा ओळखायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बार्शीकडच्या तुमच्या रानात, बांधावरच्या कडुलिंबाखाली पावसाळ्यात दोन तऱ्हेची अळंबी येते. एक मोठी, तळहाताएवढी, उपटली की खाली लांबच लांब मूळ निघतंय. दुसरी एकदम बारीक, नखाएवढी, पण येते ती शेकड्यानं, रात्रीतून जमीन पांढरी होते. सासूबाई म्हणतात बारीक ही मोठीचीच पिल्लं आहेत, दीर म्हणतात बारीक विषारी. आणि तुम्हाला विचारायचंय की खरं काय, खायला कुठली चालते आणि घरी लावता येते का.

आधी सरळ उत्तर देतो. पिल्लं नाहीत. बारीक ती बारीकच राहते, कितीही दिवस ठेवा, मोठी होणार नाही. तुम्ही जसं वर्णन केलंय तसंच असेल तर मोठी म्हणजे टर्मिटोमायसिस हायमी आणि बारीक म्हणजे टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस, दोन्ही एकाच घराण्यातल्या, सख्ख्या बहिणी म्हणा, आणि दोन्ही भारतात भरपूर ठिकाणी आवडीनं खातात. त्यामुळं दीरांचं म्हणणं त्या जातीपुरतं बरोबर नाही, पण त्यांची भीती मात्र मी अजिबात उडवून लावणार नाही, कारण मोठी अळंबी ओळखायची जी सगळ्यात भक्कम खूण आहे ती बारीकला नाहीच. लोक चुकतात ते इथंच. मोठी ओळखता आली की वाटतं आता बारीकपण ओळखता येईल, एकाच घरातल्या तर आहेत, आणि मग बारीकच्या नावाखाली भलतंच काहीतरी टोपलीत येतं.

हे कशामुळं होतं ते कळायला जमिनीखाली काय चाललंय ते बघायला पाहिजे. ही अळंबी वारुळाची का, तर ती वाळवीची शेती आहे, अक्षरशः शेती. वाळवीच्या काही जाती, आपल्याकडं मुख्यतः ओडोंटोटर्मिस, वाळकं लाकूड, पालापाचोळा, गवत, कडब्याची धसकटं खाऊन ते अर्धवट पचलेलं बाहेर टाकतात आणि त्याचं जमिनीखाली पोळं रचतात. ते हातात घेतलं तर अक्रोडाच्या गरासारखं सुरकुतलेलं तपकिरी दिसतं आणि वर पांढरे बारीक मणी असतात. ते मणी म्हणजे ह्या बुरशीचेच. लाकडातलं जे वाळवीला स्वतःला पचत नाही ते बुरशी फोडून देते आणि वाळवी मग ते मणी आणि जुनं झालेलं पोळं खाते. बदल्यात वाळवी बुरशीला ओल देते, ऊब देते, दुसऱ्या बुरशा आल्या तर काढून टाकते. ही भागीदारी साधारण ३ कोटी वर्षांपासून चालू आहे, म्हणजे माणसानं ज्वारी पेरायला शिकायच्या कितीतरी आधीपासून, आणि मला अजूनही पोळं बघितलं की थांबून बघत बसावंसं वाटतं. ह्या बुरशीच्या घराण्याला टर्मिटोमायसिस हे नाव रॉजर हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये दिलं आणि त्यांच्याच नावावरून १९७९ मध्ये नटराजन ह्यांनी दक्षिण भारतातल्या आपल्या ह्या मोठ्या अळंबीला हायमी म्हटलं.

आता मोठी. मोठीचा उगम थेट त्या पोळ्यावर असतो, आणि पोळं असतं जमिनीत खोल, कधी वीतभर, कधी हातभर. त्यामुळं अळंबीला तिथून वर यायला लांब देठ फुटावा लागतो आणि तेच तुम्हाला मूळ वाटतंय. ते खरं मूळ नाही, देठाचाच खाली गेलेला भाग आहे, वर जाड आणि खाली निमुळता होत जाणारा, हायमीत पांढरा असतो. (ह्याच घराण्यातली युरायझस नावाची आणखी एक मोठी अळंबी आहे, तिचा हा भाग काळपट असतो आणि देठावर अंगठी, म्हणजे देठाभोवतीचं कडं, नसते, तीपण खातात.) हायमीच्या देठावर मात्र जाड, पांढरी, न गळणारी अंगठी असते. टोपी पांढरी, मध्यभागी करडी-तपकिरी आणि तिथं थोडा उंचवटा, जमीन फोडून वर यायला तोच उपयोगी पडतो. टोपी साधारण ५ ते १२ सेंटीमीटर होते. टोपीखालच्या उभ्या पाती, ज्याला गिल्स म्हणतात, त्या दाट असतात, देठाला चिकटलेल्या नसतात आणि आधी पांढऱ्या, नंतर फिकट गुलाबीसर होतात.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की मोठी अळंबी उपटू नका, खणा. उपटली की देठ बऱ्याचदा मध्येच तुटतो आणि सगळ्यात महत्त्वाचा पुरावा खाली राहतो. खुरप्यानं बाजूनं माती सैल करत करत खाली जायचं, देठ निमुळता होत खोल चाललाय एवढं दिसलं की बास, पोळ्यापर्यंत जायची गरज नाही. वारूळ वर दिसलंच पाहिजे असंही नाही. कितीतरी वेळा वर सपाट बांध असतो आणि वाळवीचं घर पूर्ण जमिनीखाली. आपल्याकडं खोल काळ्या रानात मला ही कमी सापडते, माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, मुरमाड माळ, बांध, जुन्या झाडाखालची न नांगरलेली जागा, येडशीच्या रामलिंगकडचा डोंगर, अशा ठिकाणी जास्त.

बारीकची गोष्ट उलटी आहे. ती खोल पोळ्यावरून वर येतच नाही. पावसाळ्यात वाळवी स्वतःच पोळ्याचे कण जमिनीवर आणून पसरते, आणि त्या कणांवर ही बारीक अळंबी उगवते. म्हणून तिला लांब मूळ नसतं. टोपी अर्धा ते अडीच सेंटीमीटर, पांढरी, मध्ये छोटं टोकदार बोंड आणि ते थोडं मातकट-करडं, कडा लवकर चिरतात, देठ काडीसारखा बारीक, अंगठी नाही. गिल्स इथंही देठापासून सुट्या आणि वय झालं की गुलाबीसर. एका जागी शेकडो, कधी हजारावर, आणि सगळ्या साधारण एका वयाच्या. खणून काय बघायचं तर मूळ नाही, वरच्या थरातली माती. चमच्यानं वरची अर्धा इंच माती अळंबीसकट अलगद उचला आणि पांढऱ्या ताटात पसरवा. तपकिरी, हलके, भुसभुशीत कण दिसले पाहिजेत आणि देठ त्या कणांतून निघालेले दिसले पाहिजेत. माती सोडून दुसरं काही नसेल, किंवा देठ कुजक्या लाकडातून निघत असेल, तर ती ही नव्हे, टाकून द्या.

आता ह्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या, कारण सगळा धोका तिथं आहे.

मोठीच्या बाबतीत सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ एकाच अळंबीनं होतो, तिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसानंतर बंगल्यांच्या लॉनवर, सोसायटीच्या बागेत, गवताच्या मैदानात, गोठ्यामागं मोठाल्या पांढऱ्या छत्र्या येतात ना, कधी कधी गोल रिंगणात, बहुतेक वेळा तीच. दिसायला इतकी देखणी आणि भरदार की माणसाला मोह होतोच. टोपीवर तपकिरी खवले, मध्ये जास्त आणि कडेकडे विरळ, देठावर अंगठी आहे पण ती बऱ्याचदा वरखाली सरकवता येते, आणि खाली खोल जाणारा देठ नाही, बुडाशी नुसता थोडा फुगीर. कोवळेपणी गिल्स पांढऱ्या असतात म्हणून फसायला होतं, मोठी झाली की त्या हिरवट-करड्या होतात. ही खाल्ली की एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात, मोठा माणूस बहुतेक वेळा वाचतो पण पार गळून जातो, आणि लहान पोरांना पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून लॉनवरची अळंबी, मग ती कितीही चांगली दिसू दे, खाऊ नका, आणि कोवळी बंद कळी तर कधीच नाही, कारण कळीत ओळखायच्या अर्ध्या खुणा अजून तयारच झालेल्या नसतात.

वारुळावर उगवली म्हणजे वारुळाची, हेपण खरं नाही. आपल्या कोरड्या भागात वारुळावर एक उभट, न उघडणारी, खवल्यांची अळंबी येते, पोडॅक्सिस नावाची, फोडली की आत काळपट भुकटी. ती ह्या घराण्यातली नाहीच. तसंच लांब मूळ असलं म्हणजे हायमीच असंही नाही, घाटमाथ्याच्या जंगलात गाडलेल्या लाकडावर येणाऱ्या एका अळंबीलाही असंच मूळ असतं, फक्त तिची टोपी चिकट असते, गिल्स विरळ असतात आणि बीजाणू, म्हणजे अळंबीचं बी असणारी बारीक पूड, पांढरे. म्हणजे एक खूण जुळली की खुश व्हायचं नाही, सगळ्या जुळल्या पाहिजेत, मूळ, अंगठी, सुट्या गिल्स आणि बीजाणूंचा रंग.

बारीकच्या बाबतीत मात्र यादी लांब आहे आणि ती जास्त वाईट आहे. जुन्या बुंध्याभोवती शेकड्यानं येणारी करडी नाजूक कोप्रिनेलस ही दिसायला जवळची, ती बिचारी निरुपद्रवी, तिच्या गिल्स पुढं काळपट होतात. पण लेपिओटाच्या काही बारीक जातींमध्ये यकृत मारणारं अॅमाटॉक्सिन असतं. इनोसायबीत मस्करीन नावाचं विष असतं, खाल्ल्यावर अर्ध्या ते दोन तासांत घाम, लाळ, डोळ्यातून पाणी सुरू होतं. एन्टोलोमाच्या काही विषारी जातींचे बीजाणू तर गुलाबीच असतात, आपल्या अळंबीसारखेच, म्हणजे रंगाची खूण एकटी इथं दगा देते. फरक एवढाच की एन्टोलोमाच्या गिल्स देठाला चिकटलेल्या असतात. नखाएवढ्या टोपीत हे बघायला उजेड पाहिजे, भिंग पाहिजे आणि सवय पाहिजे. आणि शेकडो अळंब्या ओरबाडून घेतल्या की त्यात दहा-वीस दुसऱ्या आल्या तरी कळत नाही. मोठी तुम्ही एकेक बघून घेता, बारीक कोणी एकेक बघत नाही.

चवीचं विचाराल तर मला स्वतःला बारीक जास्त आवडते, वास जास्त खमंग, रश्श्याला अंग चांगलं येतं. पण पहिल्यांदा शिकणाऱ्या माणसाला मी बारीक खा असं सांगत नाही. दोन-तीन पावसाळे मोठी ओळखा, बारीक नुसती बघा, ताटात पसरवून कण शोधा, ठसे घ्या, आणि ज्यांनी आयुष्यभर तीच अळंबी त्याच जागेवरून खाल्लीय अशा माणसाबरोबर रानात जा. तुमच्या सासूबाई मोठी ओळखतात असं दिसतंय, मोठीसाठी त्यांचा हात धरा.

ठसा घ्यायचा म्हणजे काय ते सांगतो, सोपं आहे आणि फुकट आहे. उघडलेल्या अळंबीचा देठ कापायचा, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवायची, अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा असला तर उत्तम, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी कागदावर बीजाणूंची पूड पडलेली असते. आपल्या दोन्ही अळंब्यांची गुलाबी-मातकट पडते. हिरवट पडली तर क्लोरोफायलम, लगेच फेका. पांढरी, काळी, गंजाच्या रंगाची पडली तरी आपली नव्हे.

ह्या उलट जे उपाय घरोघरी सांगतात ते सोडून द्या. लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किड्यांनी खाल्लीय म्हणजे माणसाला चालते, हळद घालून उकळली की विष जातं, ह्यातलं एकही खरं नाही. अॅमाटॉक्सिन उकळून जात नाही, वाळवून जात नाही, आणि लसणाला त्याचा पत्ताही लागत नाही. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यात पोरंही होती. तिथले लोकही पिढ्यानपिढ्या रानातलंच खाणारे. फोटोचंही तसंच, फोटोवरून मी जातीचा अंदाज सांगेन पण खा म्हणून सांगणार नाही, आणि मोबाइलचं अॅप सांगतंय म्हणून तर कोणीच खाऊ नये, मूळ आणि मातीतले कण फोटोत येत नाहीत.

हंगामाचं बोलायचं तर पहिल्या जोरदार पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या येतात, तिथून दिवस मोजायला सुरुवात करा. त्या उडून नवीन घरं करतात, आणि नव्या घरातली कामकरी वाळवी पहिल्यांदा चाऱ्याला बाहेर पडायच्या सुमाराला जुन्या घरांवर अळंबी उगवते, म्हणजे तिचे बीजाणू नव्या घरात जातात आणि तिथं नवी शेती सुरू होते. हे टायमिंग फार सुंदर आहे. आपल्या जिल्ह्यात मृग-आर्द्राचा भरवसा नाही, जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, उत्तरा-हस्तातच पडतो, त्यामुळं कोकणासारखी ठरलेली तारीख इथं नाही. दोन-तीन दिवस चांगली झड आणि मग उघडीप, दमट उकाडा, असं झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे जायचं. दुपारी जाऊन उपयोग नाही, उघडलेल्या मोठ्या अळंबीत संध्याकाळपर्यंत अळ्या होतात आणि बारीक तर मलूल होऊन जाते.

जागेबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची, ती लोक विचारातच घेत नाहीत. ऊसवाल्या रानात वाळवी-हुमणीसाठी क्लोरपायरिफॉससारखी औषधं टाकतात, बांधावर तणनाशक मारतात. अळंबी जमिनीतलं सगळं ओढून घेते. जात शंभर टक्के बरोबर असली तरी असल्या बांधावरची खाऊ नका. हायवेच्या कडेची, कारखान्याच्या सांडपाण्याजवळची, कचरा डेपोजवळचीपण नको. तुमच्या बांधावर गेल्या दोन वर्षांत काय काय मारलंय ते दीरांना विचारा, हे अळंबीच्या ओळखीइतकंच गरजेचं आहे. आणि वारुळाच्या भोकात हात घालू नका, नागपंचमीला आपण ज्याला पुजतो तो तिथं खरंच असतो.

घरी आणल्यावर मोठी अळंबी धुवायच्या आधी मातीचा भाग खरवडून काढा, मग हातानं उभी फाडा, सुरीपेक्षा हातानं फाडलेली छान शिजते. तेलात कांदा-लसूण, वर अळंबी, मीठ, आणि पाणी अजिबात घालायचं नाही, तिचंच पाणी सुटतं ते आटू द्यायचं, मग काळं तिखट. बारीकचा ताप म्हणजे रेती. मोठ्या पातेल्यात पाण्यात सोडून वरच्या वर काढून घ्यायची, पाणी बदलायचं, चार-पाच वेळा तरी, आणि हे करताना एकेक नजरेखालून घालायची, जी वेगळी वाटली ती बाहेर. शेंगदाण्याचं कूट घालून पातळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी. दोन्ही नीट शिजवूनच, कच्ची नाही, आणि त्याच दिवशी. पहिल्यांदा खाताना थोडीच खा, घरातल्या सगळ्यांनी एकदम खाऊ नका, लहान पोरांना आणि पोटुशीला देऊ नका, आणि शिजवायच्या आधी दोन-तीन अळंब्या मुळासकट कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, काही झालंच तर डॉक्टरला दाखवायला.

काही झालंच तर म्हणजे काय ते नीट ऐका. लगेच, दोन-तीन तासांत उलटी झाली तर दवाखान्यात जायचंच, पण त्यापेक्षा भीती उशिरा होणाऱ्या उलटीची. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते अॅमाटॉक्सिन असू शकतं. त्यात एक दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, घरचे म्हणतात चला गेलं, आणि आतून यकृत निकामी होत असतं. त्या बऱ्या वाटणाऱ्या दिवशी घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करा, सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि अळंबी कधी खाल्ली, त्रास कधी सुरू झाला, दोन्ही वेळा सांगा, उरलेली अळंबी सोबत न्या. ताक, लिंबू, मिठाचं पाणी असले घरगुती उपाय करत वेळ घालवू नका.

राहिला घरी लावायचा प्रश्न. धिंगरी लावता येते, बटण लावता येते, कारण त्यांना काड, भुसा, कंपोस्ट पुरतं. ह्या दोघींना जिवंत वाळवी लागते. प्रयोगशाळेत बुरशीचे धागे वाढतात, पण वाळवीशिवाय भरवशानं अळंबी उगवून पीक काढणं अजून जमलेलं नाही. त्यामुळं वारुळाच्या अळंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, म्हणून कोणी पाकीट विकायला आलं तर पैसे घालू नका. पोळं खणून घरी आणून कुंडीत ठेवलंत तर आठ दिवसांत त्याच्यावर दुसऱ्याच बुरशीची काळी बोटं उगवतील, कारण ती काढून टाकणारी वाळवीच तिथं नसणार, आणि तिकडं बांधावरची जागा कायमची गेली ते वेगळंच. त्यापेक्षा जिथं मोठी आली ती जागा मोबाइलमध्ये लोकेशन टाकून ठेवा, वारूळ फोडू नका, नांगर तिथून दोन-चार हात लांब फिरवायला सांगा, आणि वाळवीचं औषध त्या बांधावर बंद करा. काढताना थोड्या उघडलेल्या अळंब्या तशाच राहू द्या, बीजाणू पडू द्या. वाळवीचं घर जिवंत असेपर्यंत त्याच जागी पुढच्या पावसात पुन्हा येते. तुम्ही पुढच्या वेळी मोठी मुळासकट खणलेली, बारीक ताटात मातीसकट पसरलेली आणि दोन्हीचे ठसे असे फोटो काढून ठेवलेत तर मी जातीबद्दल आत्तापेक्षा बरंच पक्कं बोलू शकेन.